भाटकरांची थंड पेटी

भाटकरांशी माझं पहिलं भांडण एका पापडावरून झालं.

मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. दर रविवारी दुपारी माझ्या वरच्या गावातल्या दोन खोल्यांत आम्ही चार-पाच जण रेकॉर्डी ऐकायला जमायचो. स्वतःला रसिक म्हणवून घ्यायची खाज, दुसरं काय! ॲम्प्लिफायर मी स्वतः जोडलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा. ते व्हॉल्व्ह लालसर पेटले की मंडळी गप्प व्हायची, आणि मला उगाचच आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. एका रविवारी आमच्यातल्या डॉक्टरांनी भाटकरांना सोबत आणलं. वीस वर्षं बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेला माणूस. पन्नाशीचे, काटक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन असावं तसा टेस्टर.

त्यांनी रेकॉर्डची एक बाजू मान खाली घालून ऐकली. मग येताना बाजारातून घेतलेल्या पापडांच्या पुडक्यातला एक पापड काढला आणि शांतपणे माझ्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेवला. दुसरी बाजू संपेपर्यंत पापड मधोमध भाजून निघाला होता. तो त्यांनी मोडला, अर्धा मला दिला.

"दामले, आवाज छान आहे. पण ही शेगडी आहे. साठ वॅट वीज घेते, दहा वॅट गाते, बाकी पन्नास पापडाला. ओव्हर."

हे 'ओव्हर' त्यांचं नेहमीचं. बोटीवरच्या बिनतारी बोलण्याची सवय. आपलं म्हणणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचे आणि हात मांडीवर ठेवून समोरच्याचं ऐकायचे. मधे तोंड घालायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत, हसायचे नाहीत. वाद घालायला असा माणूस भेटणं हे भाग्य, असं आता म्हणतो. तेव्हा मला त्याचा भयंकर राग यायचा. कारण मधे तोडलं नाही की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येतं, आणि ते किती पोकळ आहे तेही कळतं.

मी म्हटलं, "भाटकर, व्हॉल्व्हच्या आवाजाला ऊब असते."

"ऊब हवी तर घोंगडी घ्या," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः बनवलेला ॲम्प्लिफायर एका मोठ्या बिस्किटाच्या डब्यात बसवलेला होता. क्लास डी. हा शब्द रत्नागिरीत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. आमच्यातले एक वकील लगेच म्हणाले, "ए बी सी डी, म्हणजे चौथा वर्ग. म्हणजे शिपाई!" सगळे हसले. भाटकरांनी हसू ओसरू दिलं आणि नळाचं उदाहरण दिलं. नळ अर्धवट उघडा ठेवून बोटाने धार कमी-जास्त करायची, ही तुमची रीत. माझी रीत अशी, की नळ एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, पण सेकंदाला लाखभर वेळा. बादलीत पाणी हवं तेवढंच पडतं आणि नळावर जोर येत नाही. म्हणून पेटी तापत नाही. खरंच तापायची नाही. तासभर चालल्यावरही डब्यावर हात ठेवला तर गार. त्यांच्या वाडीतली पोरं तिला थंड पेटीच म्हणायची.

भाटकर भाट्याच्या खाडीजवळच्या वाडीत राहायचे, एकटे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घरात दोन खुर्च्या, एक खाट आणि बाकी तारा. तारेचं वेटोळं ते स्वतः गुंडाळत, मोजून, आणि मधे कोणी हाक मारली तर ओ देत नसत. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल म्हणून. एकदा मी दारात पाऊण तास उभा होतो. शेवटी वर बघून म्हणाले, "एकशे बारा. या. बसा."

आमचा वाद वर्षभर चालला. एका रविवारी डॉक्टरांनी चादर बांधली. चादरीमागे माझा व्हॉल्व्ह आणि त्यांचा डबा. डॉक्टर तारा बदलणार, आम्ही ऐकून ओळखायचं. मी डोळे मिटून ऐकलं, आणि तिसऱ्या खेपेला मला राहवेना. "हा! हा बघा माझा व्हॉल्व्ह! ही ऊब त्या डब्यात सात जन्मांत यायची नाही!" डॉक्टरांनी चादर काढली. डबा होता. वकिलांनी तर हसून हसून डोळे पुसले. भाटकर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "दामल्यांचे कान चांगले आहेत. जे चांगलं होतं तेच त्यांनी निवडलं. ओव्हर."

त्यांनी चेष्टा केली असती तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. त्यांनी मला सांभाळून घेतलं, ते मला सोसलं नाही. मनात खुन्नस धरायला माणसाला मोठं कारण लागतं असं थोडंच आहे? मला एवढंसं पुरलं.

पण त्या पेटीत एक दोष होता, आणि तो पकडला मी. ती चालू झाली की आसपासच्या रेडिओंवर खरखर यायची. मध्यम लहरींवर तर काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. माझ्या घरी पेटी लावली तेव्हा शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटून ओरडल्या होत्या. मला आनंद झाला. म्हटलं, "भाटकर, तुमचं यंत्र तुमच्या घरात गातं आणि शेजाऱ्याच्या घरात कोकलतं. हा कसला वर्ग?" त्यांनी ऐकून घेतलं. खिशातली वही काढली, लिहिलं, आणि म्हणाले, "हा दोष खरा आहे. वरचे सूरही थोडे चरचरतात, ते तुम्हाला ऐकू आलेलं नाही, पण आहे. दोन्ही मान्य." स्वतःच्या विरुद्धचा मुद्दा मला आयता देणारा हा माणूस. असल्या माणसाशी भांडून जिंकलं तरी जिंकल्यासारखं वाटत नाही.

आणि त्यांचं म्हणणं पुस्तकी नव्हतं, हे मला एकदा दिसलं होतं. पावसाळ्यात वाडीतली वीज गेली ती तीन दिवस आली नाही. भाटकरांनी ट्रकची बॅटरी आणली, तिच्यावर पेटी आणि रेकॉर्ड फिरवायचं यंत्र लावलं आणि दुपारभर ओट्यावर गाणं चालू ठेवलं. बायका तिथे बसून जाळी विणत होत्या. माझा व्हॉल्व्ह त्या बॅटरीवर पेटलाही नसता. मी ते बघितलं आणि रविवारच्या बैठकीत कोणाला सांगितलं नाही.

वाडीतल्या लोकांसाठी भाटकरांचा ओटा म्हणजे संध्याकाळची शाळाच. मच्छीमारांसाठी रेडिओवर हवामानाची बातमी लागायची, ती ऐकायला तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, तिथे जमायचे. बातमीतली भाषा ताठ. भाटकर ती उलगडून सांगायचे. "वारा ताशी अमुक म्हणजे काय, तर शिडाला दोन माणसं लागतील. उद्या लांब जाऊ नका." ही वेळ झाली की थंड पेटी बंद. नुसता आवाज बंद करून ते थांबायचे नाहीत. आवाज येत नसला तरी पेटी आत चालूच असते आणि खरखर करते, हे त्यांनीच वाडीला शिकवलं होतं. म्हणून ते वायरीची पिन भिंतीतून उपसून, खिडकीच्या गजातून बाहेर काढून चौकटीवर ठेवायचे. येणारा माणूस आधी खिडकीकडे बघायचा. पिन दिसली म्हणजे पेटी बंद, रेडिओ लावा. पांडू तांडेल म्हणून एक होता, वाडीतला सगळ्यांत जुना खलाशी. तो तर पिनेला हात लावून बघायचा.

आता पुढचं सांगतो. हे सांगायलाच बसलोय, पण हात जड झालाय.

दिवाळी होऊन गेली होती. मी एकदा बोलून गेलो होतो की चादरीमागे तासभर ऐकणं वेगळं आणि घरात नांदवणं वेगळं. भाटकरांनी ते मनावर घेतलं. मंगळवारी सकाळी लांज्याला बहिणीकडे जायला निघाले, ते एस.टी. स्टँडवर जाण्याआधी पेटी घेऊन माझ्या दारात. "घ्या. चार दिवस नांदवून बघा. एकच करा, उघडू नका. आत चार जपानी ट्रान्झिस्टर आहेत, ते इथे मिळत नाहीत. मीटरचं टोक चुकीच्या जागी टेकलं की खलास."

दुपारी जेवायला घरी आलो आणि पेटी उघडली. का उघडली? काहीतरी खोट सापडेल म्हणून. सापडली असती तर रविवारी सगळ्यांसमोर सांगितली असती. मीटरचं टोक सरकलं. चट् असा बारीक आवाज झाला, वास आला आणि संपलं. मी डबा बंद केला, कपाटात ढकलला आणि कॉलेजात गेलो.

त्या संध्याकाळी वाडीतल्या एकूण एक रेडिओवर खरखर सुरू झाली. भाटकरांच्या घराला कुलूप. लोकांनी खिडकीकडे बघितलं. पिन नव्हती. झालं! पेटी आत चालू राहिली, भाटकर विसरून गेले, असं सगळे धरून चालले. कोणी म्हणालं कुलूप फोडू, कोणी म्हणालं राहू दे, माणूस आपला आहे. हवामान कोणालाच ऐकू आलं नाही. बुधवारी पहाटे दोन होड्या गेल्या. सकाळी वारा उठला. एक परत आली. पांडू तांडेलाची खडकावर आपटली. दोघं पोहत आले. पांडू दुसऱ्या दिवशी मिळाला.

भाटकर बुधवारी दुपारी लांज्याहून आले, तेव्हा वादळाच्या सरी पडून गेल्या होत्या, आणि संध्याकाळी लोकांनी रेडिओ लावले तर ते स्वच्छ बोलत होते. बघा कसं जुळलं! भाटकर आले, पेटी बंद केली, खरखर गेली. लोकांना आणखी काय पुरावा हवा? खरी गोष्ट भाटकरांना तिथल्या तिथे कळली. महिनाभर पाऊस नव्हता, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या वाट्यांवर साचलं होतं, त्यावर वीज चरचरत होती आणि तीच रेडिओत येत होती. पावसाने वाट्या धुऊन निघाल्या. पुरावाही धुऊन निघाला.

शनिवारी ते कॉलेजात आले. प्रयोगशाळेच्या दारात वहाणा काढून उभे. त्यांनी वहाणा काढायचं काही कारण नव्हतं.

"दामले, माझ्याबरोबर वाडीत चला. एवढंच सांगा, की पेटी मंगळवारी सकाळपासून तुमच्याकडे होती. मी सांगितलं, पण त्यांना वाटतं मी अंग काढून घेतोय. तुमचं ऐकतील."

मी लगेच म्हटलं, "चला." खरंच म्हटलं. वाटेत त्यांनी पेटीबद्दल एक शब्द विचारला नाही. खाडीच्या पुलापर्यंत पांडूबद्दलच बोलत होते.

पांडूच्या अंगणात वाडी जमली होती. पांडूची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिचा मुलगा दत्ताराम, विशीतला, पुढे आला. डोळे सुजलेले.

"खिडकीत पिन नव्हती, साहेब. आम्ही सगळ्यांनी बघितलं. नव्हती."

"पेटीच घरात नव्हती रे," भाटकर म्हणाले. "ती यांच्याकडे होती. मंगळवारी सकाळी मी स्वतः नेऊन दिली. विचार त्यांना."

एक म्हातारा म्हणाला, "तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेले. खोटं कशाला बोलाल?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "असेल यांच्याकडे तर आणा ना इथं! लावून बघू. खरखर तीच काय, ते कळेल!"

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. पेटी आणायची म्हणजे मेलेली पेटी आणायची. उघडू नका असं सांगितलेली मी उघडली, जाळली, पाच दिवस लपवली, हे भाटकरांसमोर, सगळ्यांसमोर बोलायचं. एवढीच लाज होती हो. एका जळक्या डब्याची लाज. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचं नाव.

मी म्हटलं, "पेटी माझ्याकडे आली होती खरी. पण मंगळवारी की बुधवारी, ते आता नक्की सांगता येत नाही."

पांडूची बायको म्हणाली, "माझा घो गेला, आणि ह्यांना वार आठवत नाय." ती कोणाला म्हणाली ते मला आजही कळलेलं नाही. दत्ताराम भाटकरांकडे बघत होता. भाटकर माझ्याकडे बघत होते. त्यात राग नव्हता. एखादं यंत्र बिघडल्यावर ते जसं निरखून बघायचे, कुठे तुटलंय ते शोधत, तसं बघत होते. मग ते पांडूच्या बायकोसमोर गेले, वाकले, हात जोडले आणि आपल्या घराकडे निघून गेले. त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे वळून "दामले, आठवा" एवढं म्हटलं असतं तरी मी बोललो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालत आलोय. खोटी आहे ती. बोललो नसतो.

पेटी मी डॉक्टरांच्या हाती परत पाठवली. चिठ्ठी नाही, काही नाही. वाडीने भाटकरांना वाळीत वगैरे टाकलं नाही. नुसतं ओट्यावर येणं थांबलं. संध्याकाळी वेळ झाली की ते रेडिओ लावून बसायचे, एकटेच, आणि हवामान संपलं की बंद करायचे. डॉक्टरांनी हे रविवारी आमच्या बैठकीत सांगितलं. वकील च्‌ च्‌ करून म्हणाले, "बिचारा, विसरला असेल हो, वय झालं." मी रेकॉर्ड उलटली. फाल्गुनात भाटकर घर विकून लांज्याला बहिणीकडे गेले.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, तीन-चार वर्षांनी, हातखंब्याला. भर दुपारची वेळ, मी रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत होतो. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात ते बसले होते. लांज्याला लग्नामुंजींच्या मांडवांचे कर्णे दुरुस्त करतात असं कानावर आलं होतं. शेजारी एक कर्णा सुतळीने बांधून ठेवलेला. मी नजर चुकवली होती, पण त्यांनी हाक मारली. चहा सांगितला. थोडे वाकले होते, शर्ट मात्र तसाच पांढरा.

मीच म्हटलं, "भाटकर, त्या दिवशी..."

"पेटी परत आली तेव्हाच बघितली मी," ते म्हणाले. "जिथे जळली तिथे मीटरच्या टोकाचा ओरखडा होता. जळली तर जळली हो, दामले! चार ट्रान्झिस्टर. जपानला मित्राला पत्र टाकलं असतं तर त्याने पाठवले असते. त्या सकाळी प्रयोगशाळेत मला कानात सांगायचं होतंत. मी वाडीत सांगितलं असतं की माझ्याच हातून जळली."

"मग तुम्ही नंतर का नाही बोललात?"

"कोणाजवळ? तुमचा शब्द पडला होता. त्याच्यावर माझा कोण घेणार?"

मला रडू फुटलं. हॉटेलात, चारचौघांत. त्यांनी माझ्याकडे न बघता चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "माझं जाऊ दे. मी तिथे परत राहायला जाणार नाही. पण तो दत्ताराम. माझ्या ओट्यावर वाढलेला पोरगा. त्याला वाटतं, आपल्या बापसाला या माणसाने मारलं. त्याने मला काका म्हटलंय, दामले. एवढं त्याच्या डोक्यातून काढा. तुम्हालाच काढता येईल. जाल?"

मी म्हटलं, "उद्याच जातो."

"जा," ते म्हणाले. त्यांची लांज्याची गाडी आली. कर्णा खांद्याला लावून ते चढले, कंडक्टर कर्ण्याचं तिकीट मागत होता त्याच्याशी हुज्जत घालत आत गेले. मी गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा होतो.

दोन वर्षांनी भाटकर लांज्यालाच वारले. ते गेले हेही मला डॉक्टरांकडून कळलं, पंधरा दिवसांनी. दत्ताराम आता स्वतः तांडेल आहे, दोन पोरांचा बाप आहे. बाजारात दिसतो. मला ओळखतो, हात जोडून 'साहेब' म्हणतो, आणि एकदा तर त्याने, नको नको म्हणत असताना, पिशवीत चांगला पापलेट घातला. माझ्या घरापासून त्याची वाडी चालत पाऊण तास आहे. मी अजून गेलेलो नाही.